उलटी पट्टी

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाल बिल्ला आहे, एक दोनशे पानी वही आहे, आईच्या नावाचा सातबारा आहे आणि चौकोनी घडी घातलेली एक पट्टी आहे, माल विकल्यावर आडत्या देतो तो हिशोबाचा कागद. कागद इतका पिवळा पडलाय की घडीवरची शाई आता लागत नाही. पण मला ती पाठ आहे. मार्च १९८५. कांदा ४० गोण्या, वजन २० क्विंटल, भाव ३० रुपये, एकूण ६०० रुपये. खाली वजावट: मोटारभाडे ४५०, हमाली ६०, तोलाई ४०, वाराई २०, आडत ४८, किरकोळ ४. बेरीज ६२२. आणि तळाशी, शिक्क्याच्या वर: शेतकऱ्याकडून येणे २२ रुपये.

आमच्याकडे हिला उलटी पट्टी म्हणतात. माल विकून घरी येताना शेतकऱ्याच्याच डोक्यावर देणं.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि नानांबरोबर गाडीत होतो. निफाडकडच्या आमच्या बाजारात भाव पार बसला होता, म्हणून कुणीतरी सांगितलेल्या लांबच्या बाजारात रातोरात माल घेऊन गेलो होतो. रात्रभर गोण्यांवरच झोपलो. सकाळी माल उतरला, दोन-तीन गोण्यांची तोंडं सुटली, मूठभर कांदे जमिनीवर पडले, दोन माणसांनी रुमालाखाली हात धरला आणि सोडला. भाव ठरला होता. नानांना तो पट्टी हातात आल्यावर कळला. आडत्या वाईट माणूस नव्हता. "पाटील, पुढच्या गाडीला वळते करून घेऊ," म्हणाला आणि आम्हाला चहा पाजला.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "नाना, आपलं चुकलं का कुठं?" माझ्या डोळ्यांसमोर आई होती, पौषातल्या थंडीत चिखलात वाकून रोप लावणारी. रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन बारे द्यायला जाणारे नाना होते. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वावरात नाही चुकलं."

चुकलं कुठं, हे शोधता शोधता मी जगाचा इतिहास वाचायला लागलो. लोक इतिहासाकडे राजांच्या गोष्टींतून येतात, किल्ल्यांवरून येतात, परीक्षेच्या निमित्तानं येतात. मी त्या २२ रुपयांवरून आलो. म्हणून मला इतिहासात सगळ्यात आधी नाका दिसतो. पिकवणारा आणि खाणारा यांच्यामध्ये उभा असलेला नाका, आणि त्या नाक्यावर कोण बसलंय ते.

पेटीतली वही नानांच्या आंबेठाणच्या शिबिराची आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची, जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले, आणि १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. हे सगळं आता महाराष्ट्राला माहीत आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये आमच्या जिल्ह्यात कांदा-उसाचं आंदोलन पेटलं, रस्ते आणि रेल्वे बंद झाल्या, खेरवाडीला झालेल्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. नाना तेव्हा तुरुंगात जाऊन आले. संघटनेचा लाल बिल्ला तेव्हाचा. शिबिराची वही नंतरची.

या वहीत नांगरटीचा खर्च आहे, बियाण्याचा आहे, घरच्या माणसांची मजुरी धरलेली आहे. त्या पानावर नानांनी आईच्या नावापुढे पहिल्यांदा रोजाचे पैसे लिहिलेत. आणि मधल्या एका पानावर, खोडून दोनदा लिहिलेलं एक नाव आहे: प्रिओब्राझेन्स्की. सातवी शिकलेल्या माझ्या बापानं हे नाव वहीत उतरवलं आणि खाली लिहिलं, "कारखान्याला भांडवल शेतीतून काढायचे. भाव पाडून काढायचे. मारहाण लागत नाही."

येवगेनी प्रिओब्राझेन्स्की हा सोव्हिएत अर्थतज्ज्ञ. १९२० च्या दशकात त्यानं उघड मांडलं, की समाजवादी देशाकडे लुटायला वसाहती नाहीत, तेव्हा उद्योगांसाठीचं भांडवल शेतीतूनच ओढावं लागेल, आणि त्याचा सोयीचा मार्ग म्हणजे शेतमाल स्वस्त, कारखान्याचा माल महाग. बुखारिन या सोव्हिएत नेत्यानं त्याला विरोध केला. शेतकऱ्याला पिकवायला आणि विकायला मोकळीक द्या, असं त्याचं म्हणणं होतं. स्टालिननं आधी दोघांना एकमेकांविरुद्ध वापरलं आणि मग प्रिओब्राझेन्स्कीनं सुचवली होती त्याहून कितीतरी भयंकर गोष्ट केली: जमिनी, बैल, बियाणं, सगळं सामुदायिक शेतीत ओढलं. ७ ऑगस्ट १९३२ च्या हुकुमानं सामुदायिक शेतातलं धान्य उचलणं हा गुन्हा झाला, शिक्षा मृत्यूची किंवा दहा वर्षांची. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणारी माणसंही त्यात सापडली. सरवा वेचणं! आमच्याकडे सरव्यावर गरिबाचा हक्क मानतात, त्याला कुणी हटकत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी शहरातल्या लोकांना अंतर्गत पासपोर्ट मिळाले, खेड्यातल्यांना नाही. म्हणजे भुकेला माणूस गाव सोडून शहराकडे जाऊही शकत नव्हता. १९३२-३३ च्या त्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसं मेली. युक्रेनची माती काळी, आमच्या गोदाकाठच्या मातीसारखी, किंबहुना तिच्याहून कसदार. प्रिओब्राझेन्स्कीला १९३७ मध्ये गोळी घातली, बुखारिनला १९३८ मध्ये.

नानांच्या त्या ओळीतले तीन शब्द मला कायम अडवतात: मारहाण लागत नाही. आपल्याकडे तशी लागली नाही, आणि म्हणून ती कुणाला दिसली नाही. लेव्ही होती, म्हणजे पिकातला वाटा सरकारी भावात सक्तीनं घालायचा, धान्याला जिल्हाबंदी होती, उसाला झोनबंदी होती, साठ्यावर आणि भावावर सरकारला ताबा देणारा १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा होता. विदर्भात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. आपल्याच वावरातला कापूस शेजारच्या मध्य प्रदेशात बैलगाडीनं नेला तर शेतकरी चोर ठरायचा. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी कल्याणासाठी होता, आणि यातल्या काही माणसांचा हेतू खरोखर चांगला होता यावर माझा विश्वास आहे. पण ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला धोरणांमुळे मिळालेला एकूण आधार उणे निघाला, ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के उणे. खतावरची आणि विजेवरची सबसिडी जमेला धरूनही उणे. माझ्या लेखी ती देशभराची उलटी पट्टी आहे.

आता चीनकडे. १९७८ च्या हिवाळ्यात आन्ह्वेई प्रांतातल्या शाओगांग नावाच्या गावात अठरा शेतकरी रात्री एका मातीच्या घरात जमले. या भागानं १९६० च्या आसपासच्या महादुष्काळात माणसं भुकेनं मरताना पाहिली होती. त्यांनी एक कागद लिहिला: सामुदायिक जमीन घराघरांत वाटून कसू, सरकारचा वाटा सरकारला देऊ, उरेल ते आपलं. आणि यापायी पुढाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. खाली अंगठे उठवले. पुढच्या सुगीला त्या गावात इतकं धान्य आलं की वरच्यांना डोळेझाक करणं भाग पडलं, आणि पुढे तीच पद्धत देशभर पसरली.

स्वातंत्र्याचे जाहीरनामे मी बरेच वाचलेत. त्यातल्या मोठमोठ्या शब्दांपेक्षा मला हा अंगठ्यांचा कागद जवळचा वाटतो. कारण त्यात तत्त्वज्ञानाचा एक शब्द नाही. माझ्या कष्टाचं मला राहू द्या, एवढीच मागणी आहे, आणि एकमेकांच्या लेकरांची काळजी आहे. माणसाच्या कष्टात आणि व्यवहारात सरकारचा हात कमीत कमी असावा, या विचाराला स्वतंत्रतावाद म्हणतात. स्वतंत्रतावाद म्हणजे ज्याचं त्यानं बघावं, दुसऱ्याचं काही का होईना, असं समजणाऱ्यांना मी हा कागद दाखवतो. सरकारच्या भीतीनं एकत्र आलेल्या त्या माणसांनी सरकारशिवाय एकमेकांचा विमा उतरवला होता.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो. ती तिथे शिकत होती. तिला वाटलं, बाबांना फुटबॉलचं मैदान दाखवावं. मला पीटर स्ट्रीटवरची एक इमारत बघायची होती. तिचं नाव फ्री ट्रेड हॉल. आता तिथे हॉटेल आहे, पण दर्शनी भिंत जुनी आहे, कमानींच्या वर जगातल्या खंडांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. एखाद्या संताच्या किंवा राजाच्या नावानं नव्हे, खुल्या व्यापाराच्या नावानं सभागृह बांधलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

१८१५ मध्ये ब्रिटिश संसदेनं धान्य कायदा केला. देशातला गहू क्वार्टर या तिथल्या मापाला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायला बंदी. संसदेत बसले होते जमीनदार, गहू त्यांच्या जमिनीवर पिकत होता, आणि ब्रेड महाग घ्यावा लागत होता गिरणीतल्या मजुराला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी याच जागी, तेव्हाच्या सेंट पीटर्स मैदानावर, मताचा हक्क मागायला हजारो लोक जमले. त्यांच्या झेंड्यांवर धान्य कायदे रद्द करा हेही लिहिलेलं होतं. त्या गर्दीवर तलवारी उपसून घोडेस्वार घातले गेले. पंधरा-अठरा माणसं मेली, त्यात बायका होत्या, एक तान्हं मूल होतं. वीस वर्षांनी त्याच गावातून रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी धान्य कायद्याविरुद्ध चळवळ उभी केली. कॉब्डेनचा बाप ससेक्समधला शेतकरी, शेती बुडून कफल्लक झालेला. मुलगा कापडछपाईच्या धंद्यात वर आला आणि मग त्यानं धंद्याकडे पाठ फिरवून गावोगाव सभा घेतल्या. १८४६ मध्ये रॉबर्ट पील यांनी स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जाऊन कायदा रद्द करवला आणि त्याच महिन्यात सत्ता गमावली.

सेंट अ‍ॅन्स स्क्वेअरमध्ये कॉब्डेनचा पुतळा आहे. त्याच्या समोरच्या बाकावर मी बसलो होतो, आणि नानांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "निर्यात बंद केली रे." २९ सप्टेंबरलाच केली होती, नाना रोज कुणाकडून तरी नवी बातमी ऐकून मला सांगत होते: बंदरात माल अडकला, बाजार पडला, अमक्यानं साठवणीच्या चाळीतला कांदा तसाच ठेवलाय. त्यांचं वय तेव्हा बहात्तर. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या पट्टीपासून ते नाक्यावर उभेच होते.

त्या बाकावर मला जे लख्ख दिसलं ते सांगतो. इंग्लंडमधला नाका बाहेरचा गहू आत येऊ नये म्हणून होता. आमचा नाका आतला कांदा बाहेर जाऊ नये म्हणून आहे. तिथे जमीनदाराला जपण्यासाठी खाणाऱ्याला पिळलं, इथे खाणाऱ्याला जपण्यासाठी पिकवणाऱ्याला. १९९८ मध्ये दिल्लीत कांदा महागला आणि निवडणुकीत तिथलं सरकार गेलं, तेव्हापासून कुठल्याही रंगाचं सरकार कांद्याचा भाव चढला की धास्तावतं. कॉब्डेन गिरणीमजुराच्या बाजूनं बोलत होता आणि शरद जोशी शेतकऱ्याच्या. वरवर पाहता ही दोन टोकं, एकाला धान्य स्वस्त हवं आणि दुसऱ्याला दाम हवा. पण दोघांचं मागणं एकच होतं, नाका उठवा. नाक्यावर आपला माणूस बसवा, असं दोघंही म्हणाले नाहीत. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली बहुतेक आंदोलनं नाक्यावर आपला माणूस बसवण्यासाठी होती.

कॉब्डेनबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. १८५६ च्या शेवटी ब्रिटिशांनी चीनमधल्या कँटनवर तोफा डागल्या, तेव्हा १८५७ मध्ये संसदेत त्याविरुद्धचा ठराव त्यानंच मांडला आणि जिंकला. सरकारनं निवडणूक घेतली, देशभर युद्धाचा ज्वर चढलेला होता, आणि कॉब्डेन आणि ब्राइट दोघेही पडले. व्यापार तोफेच्या तोंडून नको, हे सांगण्याची किंमत त्यांनी मोजली. तोफा आणि व्यापार हातात हात घालून चाललेलं मला अनेकदा ऐकवलं जातं, आणि ते खरंही आहे. म्हणून हे दोघे लक्षात ठेवायचे.

आणि आता ते पान, जे मी वर्षानुवर्षं टाळत होतो.

१८७६ ते १८७८. दख्खनचा दुष्काळ. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी. दोन पावसाळे कोरडे गेले. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटन दरबार भरवून व्हिक्टोरियाला कैसर-ए-हिंद जाहीर करत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी स्वदेशी जाडंभरडं कापड नेसून त्या दरबाराला गेले होते, आणि इकडे सभेची माणसं तालुक्यातालुक्यातून किती विहिरी आटल्या, किती माणसं गाव सोडून गेली, याची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती. सरकारचं धोरण असं: धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही. बाजार आपोआप धान्य पोचवेल. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या माणसाचा रोज घटवून दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडी चिल्लर यावर आणला. त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गहू जात राहिला. देशभरात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली.

म्हणजे तोंडी भाषा माझीच होती. व्यापाराला अडवू नका. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि कितीतरी दिवस उघडलं नाही. ज्या विचारावर आपण उभे आहोत, त्याच विचाराच्या नावानं आपल्याच मातीतली माणसं मेली, हे पचवणं सोपं नसतं.

पुढे मी त्या वर्षांचे बाकीचे हिशोब पाहिले. धान्य मोकळं सोडणाऱ्या त्या सरकारनं शेतसारा मोकळा सोडला नव्हता. दुष्काळ सरत नाही तोच मुंबई इलाख्यात मिठावरचा कर वाढवला. दुष्काळ निवारणाच्या नावानं परवाना कर बसवला आणि त्याच सुमारास अफगाणिस्तानात युद्ध सुरू केलं. १८७९ मध्ये लिटननं आपल्या मंडळाचा विरोध डावलून जाड्याभरड्या कापडावरची आयात जकात उठवली, कारण लँकेशायरच्या गिरण्यांना ते हवं होतं. नाके तिथेच होते. सरकारला सोयीचे तेवढे उघडले होते. ज्या कुणब्याकडून सारा, मीठ, सगळ्याचे पैसे आधीच काढून घेतलेत, त्याच्यासमोर धान्याचा बाजार खुला ठेवून काय उपयोग? तो विकत कशानं घेणार?

हे उत्तर मला खरं वाटतं. पण ते पुरं नाही, हेही मी मान्य करतो. सारा माफ झाला असता तरी कोरड्या वावरात पेरणारा भूमिहीन त्या बाजारात काय घेऊन गेला असता? आमच्याकडे कांदे कापायला येणारी एक म्हातारी होती. भाव चढलेल्या एका वर्षी ती चिंगळ्या कांद्याची पाटी भरता भरता म्हणाली, "तुमचं भलं झालं बाबा, पण माझ्या घरात कांदा विकतचा." तिच्या हातात विळा होता, मान वर न करता बोलली. नानांनी त्या वर्षी रोज वाढवला आणि चार पाट्या तिच्या घरी पोचत्या केल्या. हे काही धोरण नव्हे. पण ज्याच्या हातात पैसा नाही त्याला पैसा द्या, त्याच्यासाठी दुसऱ्याच्या वावरावर नाका बसवू नका, या निष्कर्षाला मी त्या म्हातारीच्या वाक्यावरूनच आलो. गरिबाला जपायचं असेल तर साऱ्या समाजानं मिळून जपावं. तो खर्च एकट्या कांदावाल्याच्या पट्टीत का पडावा?

फ्रान्समध्ये त्युर्गो या मंत्र्यानं १७७४ मध्ये धान्यावरचे अंतर्गत निर्बंध उठवले, नेमकं पीक बुडालं, पुढच्या वसंतात पिठासाठी दंगली झाल्या, आणि १७७६ मध्ये त्याला घरी जावं लागलं. त्यानं रस्त्याच्या कामावरची वेठ रद्द केली होती, तीही परत आली. चांगलं काम वाईट वर्षी सुरू केलं की असं होतं.

इतिहास सोयीनं वाचता येत नाही. आम्ही संघटनेतली माणसं शिवाजी महाराजांचं ते पत्र अभिमानानं सांगतो, ज्यात लष्करानं कुणब्यांकडचे दाणे, गवत, भाजीपाला उचलू नये अशी ताकीद आहे. ते सांगायलाच हवं, त्या काळात फौज म्हणजे गावाला लूट होती. पण १६७१ मध्ये महाराजांनीच कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलं, की गोव्याच्या बारदेशातून स्वस्त मीठ येतंय त्यावर जबर जकात बसवा, म्हणजे संगमेश्वराकडच्या मिठाचा धंदा बुडणार नाही. गोव्यातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी कोकणातल्या वाटा सोडून तिकडे वळत होते. राजाला राज्य चालवायचं असतं. मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवतो. एकात रयत दिसते, एकात जकात दिसते, आणि दोन्हींखाली एकाच थोर माणसाची मोहोर आहे.

स्वतंत्र भारतात नाका उठवा हा विचार बोलणारी माणसं थोडी निघाली. काँग्रेसनं जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला, त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, स्वतंत्र पक्ष काढला. आंध्रातले शेतकरी नेते रंगा त्यात होते, मुंबईचे मिनू मसानी होते. १९६७ मध्ये लोकसभेत त्यांचे ४४ खासदार आले आणि पुढच्या काही वर्षांत पक्ष विरूनही गेला. एक गोष्ट मला आजही खुपते: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. समाजवाद ज्यांना पटतो त्यांनी मांडावा, त्यांच्याशी मी आनंदानं वाद घालीन. पण न पटणाऱ्याकडून तशी सही घेणं हे लोकशाहीला शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं. १९९४ मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. तेव्हा देशभरातले शेतकरी नेते डंकेल प्रस्तावाविरुद्ध, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याविरुद्ध, रान उठवत होते, आणि ते मात्र जगाचा बाजार उघडू द्या म्हणत होते. आमच्या गावात नानांशी माणसं बोलायची बंद झाली होती. नाना पारावर जायचे, बिल्ला लावूनच जायचे, आणि एकटे बसून परत यायचे.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यांना मी शेवटचं हसताना पाहिलं. संसदेत आवश्यक वस्तू कायद्यातून कांदा-बटाटा बाहेर काढणारी दुरुस्ती येत होती. चाळीस वर्षांची मागणी. १५ सप्टेंबरला लोकसभेत ती मंजूर झाली. आदल्याच दिवशी, १४ तारखेला, कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली होती. नानांनी दोन्ही बातम्यांची कात्रणं वहीत एकाच पानावर चिकटवली आहेत. खाली काही लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्या वर्षाअखेर ती दुरुस्तीही मागे घेतली गेली.

पेटीत राहिला सातबारा. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, लाखोंनी बायका आल्या. आमची आई तीन भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून, गावातल्या अकरा जणींबरोबर ट्रकमधून गेली होती. परत आल्यावर दोन दिवस ती कमी बोलत होती. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला: नवऱ्यानं स्वतःच्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. शंभर बायकांच्या नावे जमीन झाली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. नानांनी विहिरीजवळचं दीड एकर आईच्या नावे केलं. भाऊबंद हसले. नाना म्हणाले, सरकारनं माझ्या मालावर हक्क सांगितला तर मी रेल्वेरुळावर बसतो, आणि घरात हिच्या घामावर मी हक्क सांगतो, हे कुठल्या तोंडानं?

मालमत्तेचा हक्क हा श्रीमंताचा हक्क, असं मी कॉलेजात असताना बरेच जण ठासून सांगायचे. मी त्यांना आईचा सातबारा दाखवू शकलो नाही, तो तेव्हा पेटीत कुलुपात असायचा. तलाठ्याच्या हातचं तिचं नाव, त्याखाली क्षेत्र, आकार, विहिरीची नोंद. आई लिहायला शिकली ती त्या कागदावरचं नाव बघून बघून. घरात कुणी चढ्या आवाजात बोललं की ती शांतपणे म्हणायची, "मी मळ्यात जाते." मळ्यात म्हणजे तिच्या दीड एकरात.

८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पुन्हा बंद झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतंच. आमचा लाल कांदा तेव्हा नुकता निघत होता, तो ठेवता येत नाही, जो भाव मिळाला त्याला गेला. मी नाशिकहून फोन करून आईला भाव सांगायचो, ती "बरं" म्हणायची. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला. मी म्हणालो, बंदी कधी उठेल सांगता येत नाही, काढून टाकू या. ती म्हणाली, "तुझ्या वाटणीचा काढ. माझा चाळीत भर."

४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क लावून. मी त्या रविवारी गावी गेलो. आई चाळीच्या सावलीत बसली होती. लाकडी पट्ट्यांच्या फटींतून वारा येत होता, सालपटं उडत होती. तिनं आत हात घालून एक कांदा काढला, अंगठ्यानं मान दाबून पाहिली, कानाशी नेऊन सालपटाचा आवाज ऐकला, नाकाशी धरला.

"काय निघालाय आज?" तिनं विचारलं. मी भाव सांगितला.

तिनं तो कांदा परत फटीतून आत सारला. "आज नाही," म्हणाली. "पंधरा दिवसांनी ये, तेव्हा बघते."